दोन जीबी परत घेतले

लिनक्सला मोकळी मेमरी पाहवत नाही. डिस्कवरून एकदा वाचलेली फाइल ते जवळ ठेवून देतं, पुन्हा कुणी मागितली तर डिस्कपर्यंत जायला नको म्हणून. याला पेज कॅश म्हणतात. मशीन सुरू होऊन काही दिवस झाले की उरलेली सगळी मेमरी या कॅशने भरलेली असते, आणि मशीन एकट्या लिनक्सचं असेल तर यासारखी चांगली गोष्ट नाही. मी ज्या मशीनवर काम करत होते तिथे मात्र एकाच मेनफ्रेमवर अनेक लिनक्स शेजारीशेजारी चालत होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं की सगळी मेमरी आपलीच आहे.

ही २००८ च्या आसपासची गोष्ट. मी पुण्यातल्या एका सेवा-कंपनीत होते आणि आमचा ग्राहक अमेरिकेच्या मध्य भागातली एक विमा कंपनी. त्यांच्याकडे आयबीएमचं झेड-९ होतं. त्याच्या एका एलपारमध्ये, म्हणजे मशीनच्या एका स्वतंत्र वाट्यात, झेड/व्हीएम ५.३ आणि त्याच्या पोटात रेड हॅट लिनक्सचे गेस्ट. काहींवर जावाचे अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर, काहींवर ओरॅकल, बाकीचे चाचणीचे. झेड/व्हीएमचा गाभा म्हणजे सीपी, कंट्रोल प्रोग्रॅम. खरी मेमरी, खरे प्रोसेसर, खऱ्या डिस्क त्याच्या ताब्यात, आणि प्रत्येक गेस्टला तो आभासी मशीन देतो. एलपारमध्ये खरी मेमरी ३२ जीबी होती. गेस्टांना वाटलेल्या मेमरीची बेरीज त्याच्या दुपटीहून जास्त. यात गैर काही नाही. झेड/व्हीएम त्यासाठीच बनलं आहे, कारण सगळे एकाच वेळी सगळी मेमरी वापरत नाहीत हा त्याचा हिशोब. लिनक्स मात्र वापरतं, आणि अडचण तिथेच होती.

तक्रार यायची ती मशीन हळू झाल्याची नव्हे, मशीन मेल्याची. एसएसएच केलेली खिडकी गोठायची. टाइप केलेली अक्षरं दिसायची नाहीत आणि मग थोड्या वेळाने सगळी एकदम उमटायची. त्या गेस्टच्या आतले आकडे पाहिले तर सगळं ठीक. अ‍ॅप्लिकेशनवाल्यांचा उपाय ठरलेला: मेमरी वाढवा. दोन जीबीचे चार करून दिले की त्यांची तक्रार काही दिवस थांबायची आणि शेजारच्या गेस्टची सुरू व्हायची. मग शेजारच्यालाही वाढवून द्यायचं. मी त्या टीममध्ये आले तेव्हा हा क्रम बराच काळ चालू होता.

गेस्ट गोठलेला असताना सीपीला ‘इंडिकेट क्यूज’ विचारलं की उत्तर समोर यायचं. गोठलेल्या गेस्टच्या नावापुढे ई-३ लिहिलेलं असायचं. म्हणजे हा गेस्ट धावायला तयार आहे, पण सीपीने त्याला दाराबाहेर थांबवून ठेवलं आहे. धावणाऱ्यांच्या रांगेत त्याला घेतलं तर मेमरी पुरणार नाही, असा सीपीचा अंदाज. आतल्या लिनक्सला याची कल्पनाही नसते. त्याच्यासाठी तेवढा वेळ घडलेलाच नसतो.

हे असं का, ते मला ग्राहकाकडच्या एका ज्येष्ठ सिस्टिम प्रोग्रॅमरनी फोनवर समजावलं. त्यांची सगळी नोकरी व्हीएमवर गेली होती. व्हीएम/३७० आयबीएमने १९७२ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केलं, आणि त्याची मुळं त्याआधीची, आयबीएमच्याच केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये सिस्टिम/३६० मॉडेल ६७ साठी लिहिलेल्या सीपी-६७ मधली. तेव्हाचा गेस्ट म्हणजे टर्मिनलपुढे बसलेला, सीएमएस (एका वापरकर्त्यापुरती सिस्टिम) वापरणारा माणूस. तो एक कमांड देतो, उत्तर वाचतो, विचार करतो. त्या विचाराच्या काळात त्याची मेमरी दुसऱ्याला देता येते. शेड्युलरची सगळी रचना या माणसाच्या शांततेवर उभी होती. लिनक्स गप्प बसत नाही. त्याचं काम सतत चालू, म्हणून सीपी त्याला लांब पल्ल्याच्या, तिसऱ्या वर्गात टाकायचा, आणि त्या वर्गातल्या सगळ्यांनी मिळून किती मेमरी व्यापावी यावर तेव्हा मर्यादा असायची. ती मर्यादा ‘स्टॉरबफ’ या सेटिंगमध्ये. मूळ आकडे १२५, १०५, ९५. शेवटचा आकडा आमच्या गेस्टांचा: सगळ्यांना मिळून ९५ टक्के. लिनक्स चालवणाऱ्यांनी ते ३००, २५०, २०० करावेत असा सल्ला तेव्हा सर्वत्र दिला जात होता. आम्हीही केले.

गोठणं थांबलं. पण आता सगळे गेस्ट एकाच वेळी आत होते आणि पेजिंग, म्हणजे मेमरीतली पानं डिस्कवर नेणं-आणणं, चढलं. आधी एखादा मरत होता, आता सगळेच धापा टाकू लागले. त्या ज्येष्ठांना याचं आश्चर्य वाटलं नाही. दार उघडलं म्हणून खोली मोठी होत नाही, एवढंच ते म्हणाले, आणि मला झेड/व्हीएमच्या परफॉर्मन्स टूलकिटचे पडदे वाचायला बसवलं.

त्या पडद्यांत मला जे दिसलं ते समजायला वेळ लागला, पण एकदा समजल्यावर या विषयाकडे बघण्याची माझी नजर कायमची बदलली. मेमरीचं राज्य इथे दोन जण चालवतात, आणि दोघांचं धोरण सारखंच: जे पान सर्वांत जास्त काळ कुणी हातात घेतलं नाही ते आधी काढा. सीपीला मेमरी कमी पडली की तो गेस्टची सर्वांत जुनी पानं पेजिंगच्या डिस्कवर लिहून टाकतो. तिकडे लिनक्सला नवी फाइल वाचायला जागा हवी असते. तेही आपल्याकडचं सर्वांत जुनं पान निवडतं. म्हणजे नेमकं तेच, जे सीपीने नुकतंच डिस्कवर पाठवलेलं असतं. लिनक्सने त्याला हात लावला की सीपी ते पान डिस्कवरून परत आणतो, चार केबी जसंच्या तसं, आणि पुढच्या क्षणी लिनक्स त्यावर दुसरंच काही लिहितं. जुन्या मजकुराची कुणालाच गरज नव्हती. तो लिहिण्यासाठी एक फेरी, वाचण्यासाठी दुसरी. एकट्यादुकट्या पानाची ही गोष्ट नव्हती. गेस्टला मेमरी जितकी जास्त द्यावी तितकी त्याची कॅश मोठी, तितकी पानं शिळी, तितक्या या फेऱ्या अधिक.

माझं लहानपण पुण्यातल्या एका जुन्या वाड्यात गेलं. तिथे वरच्या टाकीतलं पाणी सगळ्या बिऱ्हाडांत मिळून होतं. पाणी आलं की प्रत्येक घरात पिंप, हंडे, पातेली, तांबेसुद्धा काठोकाठ भरले जायचे. टाकी दुपारीच रिकामी, आणि दुसऱ्या दिवशी शिळं म्हणून निम्मं पाणी मोरीत ओतलं जायचं. आमच्या गेस्टांचं तेच चाललं होतं. त्यांना मोठी पिंपं आम्हीच आणून दिली होती.

म्हणून उलटं करायचं ठरलं: मेमरी काढून घ्यायची. किती, हे गेस्टलाच विचारता येतं. रेड हॅटच्या त्या आवृत्तीत ‘फ्री’ कमांड दिली की दोन ओळी महत्त्वाच्या दिसायच्या. पहिलीत मेमरी जवळजवळ संपलेली. सगळे तीच वाचून घाबरायचे. दुसरी ओळ बफर आणि कॅश वजा करून दाखवायची, म्हणजे प्रोग्रॅमना खरोखर किती लागते ते. चार जीबीच्या एका गेस्टवर ती ओळ आठवडाभर, दिवसातल्या वेगवेगळ्या वेळी टिपून ठेवली. आकडा दीड जीबीच्या पुढे गेला नाही. या गेस्टला दोन जीबी भरपूर होते.

अ‍ॅप्लिकेशन सांभाळणारा आमचाच सहकारी होता, नागपूरचा, कामात चोख. त्याला हे सांगितलं तर तो खुर्चीतून उठलाच.

“अगं, आधीच हळू चाललंय आणि तू निम्मी मेमरी काढणार? ग्राहकाला काय सांगू मी?”

“निम्मी तू वापरतच नाहीयेस. हे बघ, दुसरी ओळ.”

“आणि महिनाअखेरीला लागली तर?”

“त्यासाठी स्वॅप आहे.”

“स्वॅप! म्हणजे अजून हळू.”

त्याची भीती खोटी नव्हती. साध्या सर्व्हरवर काम केलेल्या कुणालाही स्वॅप म्हणजे मरणाची खूण वाटते, कारण मेमरी पुरेना की लिनक्स आपली पानं स्वॅपमध्ये हलवतं, आणि तिथे स्वॅप म्हणजे फिरणारी डिस्क. झेड/व्हीएममध्ये दुसरी सोय आहे: व्हीडिस्क. सीपी मेमरीतच एक खोटी डिस्क करून गेस्टला देतो. मेमरी वाचवायची म्हणून मेमरी काढून घ्यायची आणि तिचीच डिस्क करून परत द्यायची, हे ऐकायला वेडेपणाचं वाटतं. पण यात एक सुंदर गोष्ट दडलेली आहे. व्हीडिस्कवर जोवर काही लिहिलं जात नाही तोवर तिला खरी मेमरी लागत नाही. ५१२ एमबीची व्हीडिस्क दिली आणि गेस्टने स्वॅपला हात लावला नाही, तर ती जवळजवळ फुकट. आणि लिनक्स पेज कॅशसाठी मोकळी मेमरी हक्काने व्यापतं, तसं स्वॅपची जागा भरण्याची घाई करत नाही. मेमरी म्हणून दिलेले दोन जीबी काही दिवसांत भरतात. व्हीडिस्क म्हणून दिलेले दोन जीबी गरज पडेपर्यंत रिकामे राहतात. शिवाय गरज पडलीच तर तिथली पानं मेमरीच्या वेगाने येतात-जातात, आणि फार काळ पडून राहिलेली सीपी आपली आपण पेजिंगच्या डिस्कवर हलवतो.

प्रत्येक गेस्टला दोन व्हीडिस्क दिल्या, एक लहान, एक मोठी, आणि स्वॅपचे प्राधान्यक्रम वेगवेगळे ठेवले. प्राधान्य सारखं असलं तर लिनक्स दोन्हीकडे आळीपाळीने लिहितं आणि दोन्ही डिस्कची पानं व्यापली जातात. वेगळं असलं तर आधी लहान पूर्ण भरतं, मग मोठीकडे वळतं. लहान भरली आणि मोठीला धक्का लागला, की गेस्ट खरोखर आखूड पडतोय ही पक्की खूण. व्हीडिस्क गेस्ट लॉगऑफ झाला की नाहीशी होते, म्हणून ती दर वेळी नव्याने स्वॅपसाठी तयार करावी लागते. लिनक्स बूट होण्याआधी सीएमएसमधून ‘स्वॅपजेन’ नावाची छोटी एक्झेक, म्हणजे स्क्रिप्ट, चालवली की ते काम होतं. आमच्याकडे ती प्रोफाइलमध्येच बसवली.

झेड/व्हीएमच्या डिरेक्टरीत, म्हणजे गेस्टांच्या व्याख्या जिथे असतात तिथे, मेमरीचा आकडा बदलला की गेस्टला लॉगऑफ करून परत आणावं लागतं. ते तिकडच्या शनिवारी रात्री, म्हणजे आमच्या रविवारी सकाळी. पहिल्या गेस्टच्या वेळी तो नागपूरकर सहकारी स्वतः शेजारी येऊन बसला होता. सोमवारी त्या गेस्टचे व्यवहार आधीइतक्याच वेळात होत होते. कमी नाही, जास्त नाही. मलाही तेवढीच अपेक्षा होती, कारण एका घराने पिंप लहान केलं म्हणून टाकी भरत नाही. पुढचे काही आठवडे एकेक गेस्ट करत गेलो, आणि साधारण अर्धे झाल्यावर टूलकिटमधला पेजिंगचा आलेख खाली बसायला लागला. रात्रीचे बॅच लवकर संपू लागले. ज्या गेस्टांना अजून हातही लावला नव्हता तेही सुधारले. त्यानंतर उरलेल्यांसाठी मला कुणाची समजूत घालावी लागली नाही. सहकाऱ्यानेच आपल्या गेस्टांची यादी आणून दिली.

पेजिंगच्या डिस्कचीही सोय याच काळात नीट केली. मोजक्या मोठ्या व्हॉल्यूमऐवजी ३३९० मॉडेल ३ चे पुष्कळ, सगळे एका मापाचे आणि दुसरं काहीच त्यांवर नाही. तेव्हा एका डिस्कशी एका वेळी एकच व्यवहार व्हायचा, म्हणून संख्या महत्त्वाची. प्रत्येकावर पानांसाठी सुमारे २.३ जीबी जागा मिळते. एकूण जागा निम्म्याहून जास्त भरू द्यायची नाही, नाहीतर सीपीला सलग मोकळे तुकडे सापडायचे नाहीत आणि पानं गठ्ठ्याने लिहिण्याचा त्याचा फायदा जायचा. आणि जागा संपलीच तर झेड/व्हीएम पीजीटी००४ या कोडने खाली येतं, सगळ्या गेस्टांसकट.

आलेख बसला तरी त्यात रोज एक सुळका उरला. तिकडे पहाटे चार वाजून दोन मिनिटं, उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारचे अडीच. आम्ही जेवून जागेवर यायच्या सुमारास पेजिंग एकदम आभाळाला भिडायचं आणि अर्ध्या तासाने उतरायचं. या वेळेला कुठलाही बॅच नव्हता. शोधता शोधता कारण सापडलं ते रेड हॅटच्या मूळ क्रॉनटॅबमध्ये: रोजची देखभालीची कामं चार वाजून दोन मिनिटांनी. प्रत्येक गेस्टवर तीच ओळ. लॉग बदलणं, मॅन्युअलच्या पानांची सूची करणं, आणि ‘अपडेटडीबी’, जे आख्खी फाइल सिस्टिम पिंजून फाइलींच्या नावांची यादी बनवतं. स्वतंत्र सर्व्हर असते तर पहाटेच्या त्या कामाची कुणाला गंधवार्ताही लागली नसती. इथे रात्रभर शांत असलेले चाचणीचे गेस्टही एकाच मिनिटाला जागे व्हायचे आणि आपापली कॅश नको त्या मजकुराने भरून घ्यायचे. अपडेटडीबी बहुतेक ठिकाणी बंद केलं, बाकीची कामं गेस्टच्या क्रमांकानुसार दोन-तीन तासांत पसरवली. सुळका गेला. मला सगळ्या ट्यूनिंगमध्ये हे काम सर्वांत आवडलं, कारण त्यात कुणाकडून काहीच काढून घ्यावं लागलं नाही.

चाचणीच्या गेस्टांना झोपू देणं हा वेगळा उद्योग झाला. सीपी गेस्टला निष्क्रिय मानतो ते त्याने सुमारे ३०० मिलिसेकंद काहीच केलं नाही तर. त्या काळच्या कर्नलमध्ये सेकंदाला शंभर टिक्स चालू राहिले तर ते कधीच शक्य नाही, म्हणून ‘एचझेड-टायमर’ शून्य आहे ना हे प्रत्येकावर तपासलं. त्यानंतरही जागे राहणाऱ्यांत दर थोड्या वेळाने ‘काही नवीन आहे का’ विचारणारे एजंट निघाले. त्यातले काही कुणी, कशासाठी बसवले हे ग्राहकाकडेही कुणाला आठवत नव्हतं.

ओरॅकलच्या गेस्टांना मात्र वेगळा न्याय लावावा लागला. तिथे एकच ब्लॉक चार ठिकाणी जपला जात होता: ओरॅकलच्या स्वतःच्या बफरमध्ये, लिनक्सच्या पेज कॅशमध्ये, झेड/व्हीएमच्या मिनिडिस्क कॅशमध्ये आणि डिस्कच्या कंट्रोलरमध्ये. ओरॅकलला डायरेक्ट आय/ओ वापरायला लावून लिनक्सची प्रत काढली. डिरेक्टरीत त्या डिस्कांसाठी मिनिडिस्क कॅश बंद करून सीपीची. ती कॅश वाईट नाही. अनेक गेस्ट मिळून फक्त वाचतात अशा डिस्कसाठी ती फार कामाची आहे आणि तिथे आम्ही ती ठेवलीच. पण ज्यावर सतत लिहिलं जातं तिथे ती मेमरी खाते आणि काही देत नाही. या गेस्टांवर ‘फ्री’ची दुसरी ओळही फसवते. ओरॅकलची सामायिक मेमरी, एसजीए, लिनक्स ‘कॅश’च्या खात्यात दाखवतं, त्यामुळे टाकाऊ वाटणारा आकडा खरं तर डेटाबेसचं काळीज असतो. तो वजा करून मेमरी कापली असती तर डेटाबेस स्वॅपमध्ये गेला असता. मुख्य उत्पादन डेटाबेसची मेमरी आम्ही कमी केली नाहीच, उलट ‘सेट रिझर्व्ह्ड’ देऊन त्याची ठरावीक पानं सीपीने शक्यतो हलवू नयेत अशी सोय केली. हा मान एका गेस्टलाच. सगळ्यांना राखीव जागा दिल्या तर राखीव या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

जावाच्या गेस्टांत हीप, म्हणजे जावाची कामाची मेमरी, गेस्टच्या मेमरीत पूर्ण मावेल एवढाच ठेवला. गार्बेज कलेक्शन हीपचा कानाकोपरा चाळतं. त्यातला थोडा भाग जरी डिस्कवर गेला असेल तरी प्रत्येक फेरीला तो परत यावा लागतो, आणि तेव्हा अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर मिनिट-मिनिट गप्प होतो. हीपचं माप अंदाजाने ठरवून चालत नाही.

चाचणीच्या गेस्टांवर ‘सीएमएम’ हे मॉड्यूलही लावून पाहिलं. त्यात आकडा लिहिला की लिनक्स तेवढी पानं बाजूला काढून सीपीला परत करतं. २५,६०० लिहा, १०० एमबी परत. लॉगऑफ नाही, शनिवारची वाट पाहणं नाही. व्हीएमचा रिसोर्स मॅनेजर हे आकडे आपोआप पाठवू शकतो, पण उत्पादनात ते आपोआप होऊ द्यायची तयारी ग्राहकाची नव्हती, आणि मला त्यांचं पटलं. गेस्ट योग्य मापाचे असतील तर बाजूला काढण्यासारखं फारसं उरतही नाही.

शेवटची लढाई मशीनशी नव्हती. ग्राहकाकडची देखरेख करणारी टीम सगळ्या सर्व्हरांना एकच नियम लावायची: स्वॅप वीस टक्क्यांहून जास्त वापरात असला की लाल तिकीट. आता आमचे निरोगी गेस्ट लहानशी पहिली व्हीडिस्क भरून निवांत चालत होते. महिनोन्‌महिने न लागणारी, बूटच्या वेळची पानं तिथे जाऊन पडली होती, ती तिथेच असायला हवी होती. पण तिकिटं रोज यायची, रात्रीच्या पाळीतली मुलं उठून स्वॅप बंद-चालू करायची आणि तेवढ्याने ती सगळी पानं मेमरीत परत यायची. मी त्या टीमच्या बैठकीत ‘व्हीएमस्टॅट’चे दोन स्तंभ घेऊन बसले: एसआय आणि एसओ, म्हणजे दर सेकंदाला स्वॅपमधून किती आलं आणि किती गेलं. भरलेला स्वॅप आणि चालता स्वॅप यांतला फरक त्यांना दाखवला. भरलेल्या गेस्टवर दोन्ही स्तंभ तासन्‌तास शून्य होते. त्यांनी बरेच प्रश्न विचारले, सगळे रास्त. एकाने तर विचारलं, शून्यच राहणार असेल तर स्वॅप हवाच कशाला. महिनाअखेरीच्या रात्रीची नोंद काढून दाखवली: दोन तास स्तंभ हलते, व्हीडिस्कचा वापर वाढलेला, बॅच वेळेत, आणि सकाळी पुन्हा शून्य. त्यानंतर नियम बदलला. मेनफ्रेमवरच्या गेस्टांसाठी तिकीट लागायचं ते स्वॅप किती भरला यावर नव्हे, सलग पंधरा मिनिटं तो वाहता राहिला तरच, किंवा दुसऱ्या, मोठ्या व्हीडिस्कवर पहिलं पान पडलं तर.